कौशल्य आत्मसात करण्याची रीत

नोकरी आणि घर सांभाळून अभ्यासाला मिळणारा वेळ मोजका असतो. तेच पान पुन्हा पुन्हा वाचण्यात तो बराचसा खर्च होतो. मजकूर ओळखीचा वाटू लागला की विषय आला, असा भास होतो. परंतु ओळखीचे वाटणे आणि स्वतः करता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

वृत्त ओळखण्याचे कौशल्य उदाहरणादाखल घेऊ. भुजंगप्रयाताच्या प्रत्येक चरणात ४ ‘य’ गण, म्हणजे १२ अक्षरे असतात. ‘य’ गणाचा क्रम लघु, गुरू, गुरू असा असतो. ही व्याख्या केवळ पाठ करून वृत्त ओळखता येत नाही. ‘मनाचे श्लोक’ याच वृत्तात आहेत. त्यांतील एक चरण वहीत उतरवा आणि पुस्तक मिटा. लघु-गुरूच्या खुणा करा, तीन-तीन अक्षरांचे गण पाडा आणि मगच नियमांशी ताडून पाहा. जोडाक्षरापूर्वीच्या अक्षरापाशी चूक झाली असेल, तर तेवढाच नियम पुन्हा वाचा.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये आपले स्मरणविषयक प्रयोग प्रसिद्ध केले. एकाच बैठकीत केलेल्या आवृत्तींपेक्षा निरनिराळ्या दिवसांत विभागलेल्या आवृत्ती अधिक उपयुक्त ठरतात, असे त्यांना आढळले. म्हणून रविवारी सलग दोन तास बसण्याऐवजी आठवड्यातील चार दिवस अर्धा-अर्धा तास सराव करावा.

स्वयंअध्ययन : पुस्तिका मिटून भुजंगप्रयाताची लक्षणे लिहा. दोन दिवसांनी नव्या चरणावर हाच सराव पुन्हा करा.