ओढगस्तीच्या दिवसांतील मिसळ

घरातली मिळकत अचानक आटली, नोकरी सुटली किंवा आजारपणाने शिल्लक संपवली, म्हणजे आपण खर्चाला कात्री लावायला बसतो. दूध किती घ्यायचे, मुलांची फी कोठून भरायची, यावर नवरा-बायकोत रात्री हलक्या आवाजात बोलणे होते. एक खर्च मात्र चर्चेवाचूनच बंद पडतो. तो म्हणजे रविवारी सकाळी मित्रांबरोबर मिसळ खायला जाणे! "या रविवारी जरा काम आहे रे," असे सांगून माणूस घरी बसतो. पुढच्या रविवारीही काम निघते. तिसऱ्या रविवारी मित्र विचारीतच नाहीत. वाचलेले पैसे पाहू गेले तर किरकोळ असतात, आणि गेलेली गोष्ट मात्र सहजी परत येत नाही.

आता खरे सांगायचे, तर हा माणूस पैशासाठी घरी बसत नाही. तो बसतो लाजेपायी. आज कोणी बिल दिले तर उद्या आपल्यावर पाळी येणार, ही त्याची धास्ती असते. या धास्तीवर पुण्याने एक तोड काढली आहे. तिचे नाव टीटीएमएम, म्हणजे 'तुझे तू, माझे मी'. बाहेरगावचे लोक या चार अक्षरांची मनसोक्त थट्टा करतात, त्यांत पुणेरी चिक्कूपणा पाहतात. थट्टा करणाऱ्यांनी खुशाल करावी! परंतु ज्याच्या खिशात अर्ध्या चहापुरतेच पैसे आहेत, त्याच्या बाजूने ही रीत एकदा पाहा. आग्रहाने खाऊ घालणाऱ्या मंडळींत हा माणूस चार दिवसांत मिंधा होईल. टीटीएमएमच्या टोळक्यात तो अर्धा चहा घेईल, त्याचे पैसे स्वतः टाकील आणि मसाला डोसा खाणाऱ्याच्या शेजारी तितकाच वेळ, तितक्याच ताठ मानेने बसेल.

जुन्या पुण्यात वार लावून जेवणारी मुले होती. शिकायला आलेला गरीब विद्यार्थी सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असा आठवडा काढी. त्या घरांचे उपकार थोर होते, त्यांच्यावाचून कित्येकांचे शिक्षणच झाले नसते. पण उपकाराचा घास आणि बरोबरीचा घास यांत फरक राहतोच.

बरोबरीचा घास स्वस्तात मिळण्याची सोय या शहरात पूर्वीपासून आहे. अमृततुल्य चहाचेच पाहा ना. पितळी पातेल्यात दूध, साखर आणि पत्ती एकत्र उकळायची, वर ठेचलेले आले नि वेलदोडा टाकायचा, फडक्यातून गाळून हातात द्यायचा. दोन घोटांचा तो चहा, पण त्याच्या निमित्ताने दुकानासमोर उभ्या-उभ्या अर्धा तास गप्पा होतात. डेक्कनवरचे कॅफे गुडलक 1935 सालापासून चालू आहे. तेथे बनमस्का आणि चहा यांवर आजवर किती तरुणांनी सबंध दुपारी काढल्या असतील! त्याच 1935 साली, मूकपटांच्या जमान्यात नाव मिळवलेल्या नानासाहेब सरपोतदारांनी लक्ष्मी रस्त्यावर पूना गेस्ट हाऊस काढले. नाटक-सिनेमाच्या धंद्यातली मिळकत म्हणजे आज आहे, उद्या नाही. अशा कलावंतांची तेथे ऊठबस असे.

आणि मिसळ! ओढगस्तीच्या दिवसांसाठी तिच्याइतका सोयीचा पदार्थ नाही. मटकीची उसळ, पोहे, बटाट्याची भाजी, शेव, कांदा, लिंबू, सगळे घरात सापडणारे जिन्नस. शिवाय बहुतेक ठिकाणी रस्सा पुन्हा वाढतात. पुण्यात त्याला 'सँपल' म्हणतात. दोन वेळा सँपल मागून घेतले की एका बशीत दुपारपर्यंतची भूक भागते. आणखी एक गंमत अशी की, तर्रीने सगळ्यांच्याच नाका-डोळ्यांतून पाणी येते. त्यात एखाद्याचे पाणी निराळ्या कारणाचे असले, तरी कोणी विचारीत नाही.

ज्याला एवढाही खर्च नको, त्याने सिंहगड गाठावा. पायथ्यापर्यंत बस जाते. आतकरवाडीच्या वाटेने सुमारे सहाशे मीटर चढायचे. वर पिठले, भाकरी, ठेचा, मडक्यातले दही आणि गरम कांदाभजी. तीच भजी घरी तळली तर अशी का लागत नाहीत, हे निराळे सांगायला नको. चढावर मंडळी एकामागे एक चालतात, कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही. टेबलाशी समोरासमोर बसून जे बोलवत नाही, ते त्या वाटेवर धापा टाकता टाकता बोलून जाते. "दोन महिने पगार नाही रे," हे वाक्य पुढच्याच्या पाठीकडे पाहून म्हणणे सोपे असते. पुढच्यानेही लगेच सल्ला देऊ नये. "हं" म्हणावे आणि चालावे.

यावर कोणी म्हणेल, मग चव महत्त्वाची, की सोबत? याचे उत्तर 2020 साली सर्वांनाच मिळाले. मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि हॉटेलांतली टेबले रिकामी झाली. महाराष्ट्रात बसून खाण्याची मुभा 5 ऑक्टोबरला मिळाली, तीही निम्म्या आसनांपुरती. मधल्या काळात पार्सल घरपोच येऊ लागले होते. डोसा येई, चटणी येई, पण वर्षानुवर्षांचा कट्टा काही त्या पुडक्यातून येत नसे. पदार्थ तोच असून काहीतरी उणे आहे, हे अनेकांना त्या घासाला कळले.

ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी 2017 मध्ये ब्रिटनमधील एका पाहणीवरून असे मांडले की, जे लोक वरचेवर इतरांबरोबर जेवतात, ते अधिक समाधानी असतात आणि त्यांना मदतीला धावणारी माणसेही अधिक असतात. आधी जवळीक आणि मग जेवण, असे नसून जेवणातून जवळीक वाढते, असा त्यांचा कौल आहे. आपल्या आज्यांना हे पाहणीवाचून ठाऊक होते, ती गोष्ट वेगळी.

मात्र एक सांभाळावे. मिसळीने कर्ज फिटत नाही, आणि उधारीवर चैन करणे हा याचा अर्थ नव्हे. तसेच झोप उडाली आहे, अन्नावरची वासना गेली आहे, जगण्यात राम नाही असे माणूस बोलू लागला आहे, तर ते काम डॉक्टरांचे. त्याला तेथे न्यावे, त्याच दिवशी न्यावे. पण हा बदल ध्यानात तरी कोणाच्या येणार? दर रविवारी समोर बसणाऱ्याच्याच. ज्याची मिसळ परवा अर्धी राहिली, त्याचे काही बिनसले आहे, हे मित्र आधी ओळखतो.

तुमच्याही ओळखीत कोणी असेल, ज्याला गेले तीन रविवार काम निघाले आहे. त्याला "येणार का?" असे फोनवर विचारू नका, उत्तर ठरलेले आहे. सकाळी आठाच्या सुमारास त्याच्या घराखाली उभे राहा आणि हाक मारा, "चल, चपला घाल. टीटीएमएम आहे."