तडे बुजवणारे जिवाणू

काँक्रीटला तडे जायचेच. दाब सोसायला ते पक्के, पण ताण सोसायला कच्चे. म्हणून तर त्यात सळया घालतात. भारतीय मानक 'आयएस ४५६'सुद्धा हे गृहीत धरते. सर्वसाधारण बांधकामात ०.३ मिलिमीटर, ओलाव्याशी कायम संबंध येणाऱ्या भागात ०.२ आणि त्याहून कडक परिस्थितीत ०.१ मिलिमीटर रुंदीच्या भेगा ते चालवून घेते. पण डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या या भेगांतूनच पाणी आणि हवा आत जाते, समुद्रकाठी क्षारही जातात. सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीटचे पोपडे सुटू लागतात.

बारीक भेगा काँक्रीट आपली आपणही बुजवते. पाणी न मिळालेले सिमेंटचे कण भेगेतल्या पाण्याने जागे होतात आणि फट भरतात. मात्र ही ताकद साधारण ०.२ मिलिमीटरपाशी संपते. ती वाढवता येईल का, या प्रश्नावर नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट तंत्रविद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हेंक योंकर्स यांनी २००६च्या सुमारास काम सुरू केले.

अडचणी बऱ्याच होत्या. काँक्रीटचा सामू १२च्या वर, आत ना अन्न ना ओल, आणि तडा कधी जाईल याचा नेम नाही. योंकर्स यांनी अल्कधर्मी परिसरात राहणारे 'बॅसिलस' वंशाचे जिवाणू निवडले. परिस्थिती बिघडली की ते बीजाणू होऊन वर्षानुवर्षे पडून राहतात. त्यांच्या अन्नाचा प्रश्न वेगळाच निघाला. साखर घालावी तर सिमेंट वेळेवर आवळत नाही. अखेर कॅल्शियम लॅक्टेट चालले.

तरी बीजाणू थेट मिश्रणात टाकले तर काही महिन्यांतच निकामी होत. सिमेंट जसजसे घट्ट होते तसतशी त्यातली छिद्रे आकसतात आणि साधारण एक मायक्रॉनचा बीजाणू चिरडला जातो. म्हणून बीजाणू आणि अन्न भाजून फुगवलेल्या मातीच्या सच्छिद्र खड्यांत भरले.

तडा गेला की खडा फुटतो, पाणी शिरते आणि जिवाणू जागे होतात. ऑक्सिजन घेऊन ते लॅक्टेट पचवतात. त्यातून एका रेणूमागे चुनखडीचा एक रेणू थेट तयार होतो. शिवाय बाहेर पडणारे कार्बन डायऑक्साइडचे पाच रेणू काँक्रीटमधल्या चुन्याशी मिळून आणखी पाच घडवू शकतात. सळईला गंजवणारा ऑक्सिजन वापरला जातो, हा वरचा फायदा. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात शंभर दिवस पाण्यात ठेवलेल्या नमुन्यांतल्या ०.४६ मिलिमीटरपर्यंतच्या भेगा भरल्या. जिवाणू नसलेल्या नमुन्यांत ही मर्यादा ०.१८ होती.

पुढे प्रयोग प्रयोगशाळेबाहेर आला. इक्वेडोरमध्ये अँडीज पर्वतातल्या एका सिंचन कालव्याला असे काँक्रीट वापरले गेले. वेल्समध्ये 'ए ४६५' महामार्गाच्या कामावर चाचणीच्या भिंती उभारल्या गेल्या.

मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. मातीचे खडे जास्त झाले की काँक्रीटची ताकद घटते. पाणी मिळाले नाही तर जिवाणू जागेच होत नाहीत. खर्च साध्या काँक्रीटपेक्षा जास्त. आणि मुख्य म्हणजे, चुनखडी भेग बुजवून पाणी अडवते. खचलेला पाया किंवा कमी पडलेली सळई ती भरून काढत नाही. त्यामुळे हे तंत्र शोभेल ते बोगदे, पाण्याच्या टाक्या, तळघरे अशा सतत ओल्या आणि दुरुस्तीला अवघड जागी. घराच्या स्लॅबसाठी मात्र नीट मापलेले पाणी, योग्य कव्हर आणि पुरेसे क्युरिंग हाच आजही सगळ्यात स्वस्त इलाज आहे.