खाणी बंद होत्या तेव्हाचा रस्ता

गोव्यात डिचोलीची खाण २०२४मध्ये पुन्हा सुरू झाली. ही बातमी वाचून श्रीपुरात बसून हळहळणारा बहुधा मी एकटाच असेन. माळशिरस तालुक्यातल्या माणसाचा गोव्याशी संबंध डिसेंबरातल्या सहलीपुरता, आणि तोही समुद्राकाठचा. साखळी, पाळी, उसगाव, धारबांदोडा ही नावे त्या सहलीत येत नाहीत. माझ्या गोव्यात मात्र समुद्र जवळजवळ नाहीच. चोर्ला घाट उतरून लाल मातीच्या टेकड्यांमधून जाणारा रस्ता एवढाच माझा गोवा, आणि तो २०१२ ते २०२२ या दहा वर्षांत आम्हा सायकलवाल्यांना जवळजवळ आंदण मिळाला होता.

त्याआधीच्या माझ्या सायकलीबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. श्रीपूर हे कारखान्याचे गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४मध्ये स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा साखर कारखाना इथे आला आणि माळरानावर वसाहत उभी राहिली. भोंगा झाला, पाळी सुटली की फाटकातून काळ्या सायकलींचा लोंढा निघायचा. मग लुना आली, एम-एटी आली, स्प्लेंडर आली आणि सायकल शाळकरी पोरींपुरती उरली. चारचौघांसारखा मीही गाडीवर बसलो आणि पोट वाढवले. देशाला सायकलीवर बसवणाऱ्या ॲटलसने साहिबाबादचा कारखाना बंद केला तो २०२०च्या ३ जूनला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी. एवढे सांगितले की ती वर्षे आटोपली.

गिअरची सायकल घेतली ती डॉक्टरांच्या धाकाने. गावात त्यावर बरीच करमणूक झाली. ‘पेट्रोल परवडंना का, सर?’ हा प्रश्न तर इतक्यांदा ऐकला की उत्तर देणेच सोडून दिले. आमच्याकडची जमीन सपाट. चढाची हौस भागवायची तर नातेपुत्यापर्यंत जाऊन शिखर शिंगणापूरचा डोंगर धरायचा. चैत्रात कोथळ्याच्या बाजूने मुंगी घाटातून कावडी वर चढतात, त्या महादेवाच्या डोंगररांगेतली ही चढण. गाडीरस्ता दुसऱ्या बाजूने जातो, पण उन्हाळ्यात तोही दया दाखवत नाही. झाड नाही, पाणी नाही, आणि टायरला वेड्या बाभळीचा काटा ठरलेला. शिंगणापूर जमले तेव्हा वाटले, आता सह्याद्री ओलांडायला हरकत नाही.

पंढरपूर, सांगोला, मिरज, निपाणी करत बेळगाव गाठायचे, तिथे मुक्काम करायचा, आणि पहाटे जांबोटीच्या रस्त्याला लागायचे. हा खानापूर तालुक्याचा मराठी मुलूख. चहाच्या टपरीवर बोलायला अडचण नाही. पुढे कणकुंबी. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते, आणि म्हादईचे पाणी वळवण्यावरून गोवा आणि कर्नाटक जिथे भांडतात तो कळसा नाला इथलाच. त्यानंतर चोर्ला. माथा समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. उतरताना खाली अंजुणे धरणाचे पाणी दिसते, ब्रेक धरून बोटे आखडतात आणि केरीला पोचेपर्यंत अंगातला स्वेटर नकोसा होतो. परतीला हेच सगळे चढायचे. लोकांना उताराचे फोटो आवडतात. मला विचाराल तर चोर्ला हा केरीकडूनच चढायचा घाट आहे, कारण उतरताना अर्धे लक्ष खड्ड्यांकडे असते.

केरी सोडली की साखळी, आणि तिथून खाणपट्टा सुरू. या पट्ट्याची आधीची अवस्था मी पाहिलेली आहे, म्हणून पुढचे बोलतो. २००३-०४नंतर चीनला पोलादाची भूक लागली आणि गोव्याचे हलक्या प्रतीचे खनिजही सोन्याच्या भावाने जाऊ लागले. २०१०-११च्या सुमारास वर्षाची निर्यात ५ कोटी टनांवर गेली. हा सगळा माल टिपरमधून गावरस्त्यांनी नदीकाठच्या धक्क्यापर्यंत, तिथून बार्जमधून मांडवी-जुवारीने बंदरापर्यंत. सावर्डे-कुडचड्याकडे एका लग्नाला गेलो होतो. टिपरच्या रांगेला शेवट दिसेना. केळीची पाने तांबडी, देवळाच्या पायऱ्या तांबड्या, वाळत घातलेले कपडे तांबडे. शाळेतून येणारी पोरे भिंतीला चिकटून उभी. त्या रस्त्यावर सायकल चालवण्याचा विचार फक्त मरायला निघालेल्या माणसाने करावा.

मग बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल २०१२च्या सप्टेंबरात संसदेत आला, राज्य सरकारने १० सप्टेंबरला खाणकाम थांबवले आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४च्या निकालाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून दार किलकिले केले. पण ७ फेब्रुवारी २०१८ला त्याच न्यायालयाने खाणींच्या ८८ भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्याला सगळे पुन्हा ठप्प. मधली दोन-तीन वर्षे वगळली तर दशकभर शांतता.

आणि काय रस्ते ते! टिपरांसाठी रुंद केलेले, डोंगराच्या अंगाने वर-खाली जाणारे, आणि मोकळे. पाळीहून उसगावकडे, तिस्कहून धारबांदोड्याकडे, तिथून दक्षिणेला सावर्डे, रिवण, केपे. चढ लांब नाहीत, पण एकामागून एक येतात आणि मांड्यांचा हिशेब चुकता करतात. बाजूला पायऱ्या-पायऱ्यांनी खोल गेलेल्या खाणी, तळाशी हिरवे-निळे साठलेले पाणी. एक टन खनिजासाठी दोन-तीन टन माती उपसावी लागते. त्या मातीचे डोंगर रस्त्यालगत उभे, वर बाभळीची परदेशी जात लावलेली. शिरगावात लईराईच्या देवळाच्या आसपास गाव कुठे संपते आणि खाण कुठे सुरू होते ते कळत नाही. त्या खाणींनी गावच्या विहिरी आटवल्या. साखळीला मात्र जुन्या खाणीच्या जागेवर १९९९पासून फुटबॉल अकादमी आहे. हरवळ्याचा धबधबा आणि लेणी तिथून हाकेच्या अंतरावर. आणि कारापूर-साखळीला राण्यांचे विठ्ठल मंदिर. पंढरपूरशेजारच्या माणसाने सायकल मारत जाऊन तिथे टेकावे आणि पुजाऱ्याने ‘कुठले?’ विचारल्यावर ‘श्रीपूर, पंढरपूरजवळ’ म्हणावे, याचा मान वेगळाच मिळायचा.

हा आनंद फुकटचा नव्हता आणि तो दुसऱ्याच्या खिशातून येत होता, हे त्याच रस्त्यावर कळायचे. अंगणाअंगणात टिपर उभे. टायर बसलेले, केबिनमध्ये कोंबड्या. एका टपरीवर एक टिपरमालक म्हणाला, ‘तुम्हाला रस्ता छान वाटतो ना? आमचे हप्ते ह्याच रस्त्यावर अडकलेत.’ त्याला काय उत्तर द्यायचे? पण त्या माणसाला कर्ज काढून गाड्या घ्यायला लावणारी तेजी कोणी आणली आणि तिचा नफा कोण घेऊन गेले, हेही विचारायला हवे. मोठ्यांची बार्जे विकली गेली, त्यांची घरे विकली गेली नाहीत.

माझा खरा राग वेगळा आहे. गोव्यात खाणी थांबल्या त्याच २०१२ साली युनेस्कोने उत्तर फ्रान्समधल्या कोळसा खाणींचा पट्टा जागतिक वारसा ठरवला. पॅरिस-रूबे ही शर्यत त्याच पट्ट्यातून जाते. अरेनबर्गच्या जंगलातला दगडी रस्ता शर्यतीत १९६८मध्ये आणला तो जाँ स्टॅब्लिन्स्कीने. स्वतः आधी खाणकामगार, पुढे १९६२चा जगज्जेता सायकलपटू, आणि त्या रस्त्याच्या खाली खाणीत राबलेला. खाण १९८९ला बंद झाली, रस्ता राहिला. ते खडबडीत दगड जपण्यासाठी तिथे हौशी लोकांची संघटना आहे. आपल्याकडे दहा वर्षे रिकामा, रुंद, डोंगराळ रस्ता पडून होता. बाजूला पोर्तुगीज काळापासूनच्या खाणी, लेणी, देवळे, धबधबे. दहा वर्षांत तिथे सायकलसाठी एक पाटी लागली नाही. सगळ्यांचे डोळे एकाच गोष्टीकडे: खाण पुन्हा कधी सुरू होते.

सायकलवाल्यांनीही काही केले नाही. २०१५मध्ये नाशिकच्या महाजन डॉक्टरबंधूंनी अमेरिका आरपार करणारी ‘रॅम’ शर्यत पूर्ण केली आणि आमच्यात एकदम तेज आले. दोनशे, तीनशे, सहाशे किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, निघाल्या. चांगलेच झाले. पण पुढे पुढे गावे दिसेनाशी झाली, आकडेच दिसू लागले. साखळीच्या विठ्ठलासमोरून जाऊन सरासरी वेग बिघडेल म्हणून न थांबलेली माणसे मी पाहिली आहेत. ज्यांना रस्ता फक्त आकड्यांसाठी हवा, त्यांनी तो वाचवण्यासाठी भांडावे अशी अपेक्षा करणेच चूक.

२०२२च्या डिसेंबरात पहिल्या चार खाणपट्ट्यांचे लिलाव झाले. आता टिपर परत आले आहेत. आणि इकडे घरीही वेगळे काही नाही. ८ नोव्हेंबर २०२१ला पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. अकलूज, माळीनगर, श्रीपूर, बोरगाव या वाटेने तुकोबांची पालखी जाते, त्या वाटेवरची जुनी सावली गेली. वारकऱ्यांना बाजूने चालायची सोय केली, हे योग्यच. सायकलवाल्याने कुठून जायचे ते त्याचे त्याने पाहायचे. गळीत हंगामात ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मोठ्याने गाणी आणि मागे दिवा नाही. रात्री अंधारात उभी राहिलेली ट्रॉली सायकलवाल्याला, मोटरसायकलवाल्याला दिसते ती अगदी जवळ गेल्यावर. दरवर्षी यात माणसे जातात. रिफ्लेक्टरची पट्टी काही रुपयांची असते. आमच्या परिसरातल्या कारखान्यांनी ती लावल्याशिवाय ट्रॉलीला फाटकात घेऊ नये. याला कुठला आयोग लागत नाही.

चोर्ला आणि खाणपट्टा सायकलवर पाहायचा असेल त्यांनी पावसाळा निवडावा. जून ते सप्टेंबर उत्खनन थांबलेले असते, टिपर कमी असतात. घाटात धुके आणि दरडींची भीती असते, म्हणून पहाटेऐवजी उजाडल्यावर निघा, मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा, आणि साखळीला विठ्ठलासमोर थांबा.