पावसाच्या थेंबापासून टाचेपर्यंत

‘सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच टेकवत नाही. एक्स-रेमध्ये हाड वाढलेलं दिसतंय. ऑपरेशन नको असेल तर शॉकवेव्ह घ्या म्हणतात. घ्यावी का?’ असं एका वाचक भगिनींनी विचारलं आहे.

आधी त्या वाढलेल्या हाडावरचा आळ काढू. टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही ते टोक दिसतं. दुखतो तो तळव्याखालचा जाड पट्टा, प्लांटर फॅसिआ. तोही जिथे टाचेच्या हाडाला चिकटतो तिथे. बरीच वर्षं ही तिथली सूज समजली जायची. २००३ साली हार्वी लेमाँट यांनी शस्त्रक्रियेत काढलेले ५० नमुने तपासले, तर त्यांत सुजेची खूण नव्हती. होते झिजलेले, विस्कटलेले तंतू. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी हे दुखणं मुळातून का जात नाही, हे त्यावरून बरंचसं कळतं.

आता शॉकवेव्ह. यात विजेचा झटका नसतो, ती दाबाची लाट असते आणि तिचा जन्म विमानाच्या कारखान्यातला आहे. आवाजापेक्षा वेगानं जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आपटले की धातूला इजा कशी होते, हे साठच्या दशकात जर्मनीतल्या डॉर्निअर कंपनीचे अभियंते शोधत होते. असा एक प्रयोग चालू असताना कुणाचा तरी हात चुकून लक्ष्याला लागला आणि अंगातून झटका गेला, असं सांगतात. कातडीला धक्का न लावता ही लाट आत शिरते, मग ती कामाला का लावू नये? ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये ख्रिस्तियान शौसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या साह्यानं एका रुग्णाचा मुतखडा चिरफाड न करता फोडला. थेंबाच्या अभ्यासातून मुतखड्यावर उपाय निघावा, ही गोष्ट कितीदाही सांगितली तरी माझं मन भरत नाही.

टाचेत मात्र फोडायला खडा नसतो. लाटांच्या माऱ्यानं झिजलेल्या तंतूंच्या दुरुस्तीला चालना मिळते आणि वेदना बोथट होते, अशी उपपत्ती आहे. अमेरिकेत टाचदुखीसाठी हे यंत्र २००० साली मंजूर झालं. दोनच वर्षांनी ऑस्ट्रेलियात रॅशेल बुकबाइंडर यांनी १६६ रुग्णांत खरी लाट आणि नाममात्र लाट यांची तुलना केली. १२ आठवड्यांनी दोन्ही गटांना सारखाच आराम पडलेला होता! २०१५ मध्ये २५० रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत खऱ्या लाटेनं वेदना ६९ टक्क्यांनी उतरली, नकली लाटेनं ३५ टक्क्यांनी. म्हणजे उपयोग होतो असं म्हणायला आधार आहे, पण नुसत्या यंत्राखाली पाय ठेवल्यानंही बराच आराम वाटतो. ‘हमखास गुण’ असं जाहिरातीत छापणाऱ्यांनी हा दुसरा आकडाही छापावा.

स्टेरॉइडचं इंजेक्शन लवकर आराम देतं, पण तो आराम बहुधा काही आठवडेच टिकतो. शिवाय १९९८ च्या एका अमेरिकी पाहणीत ७६५ रुग्णांपैकी ५१ जणांचा पट्टा तुटलेला आढळला. त्यांतल्या ४४ जणांनी आधी हे इंजेक्शन घेतलेलं होतं. दुर्बिणीतून पट्टा थोडा कापण्याची शस्त्रक्रियाही आहे. तिथेही पट्टा अख्खा कापत नाहीत. का, ते जे. एच. हिक्स यांनी १९५४ सालीच दाखवून दिलं होतं. पायाची बोटं वर वळली की रहाटावर दोर गुंडाळावा तसा हा पट्टा बोटांच्या सांध्यांभोवती ताणला जातो आणि तळव्याची कमान उचलली जाते. चालताना पावलोपावली हेच घडतं. दोर पुरता कापला तर कमान बसते आणि पावलाची बाहेरची कड दुखू लागते.

टाचेच्या दवाखान्यांच्या पत्रकांत हिक्स यांचं नाव दिसत नाही, याची मला खरोखर खंत वाटते. कारण सगळ्यात स्वस्त उपचार त्यांच्याच रहाटावर उभा आहे. डेन्मार्कमधल्या मायकेल रॅथलेफ यांनी रुग्णांना पायरीच्या कडेवर एका पायानं उभं केलं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी दिली. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद तिथेच, तीन सेकंदांत खाली, दिवसाआड. बोटं वळलेली, त्यामुळे भार नेमका पट्ट्यावर येतो. तीन महिन्यांनी हा गट नुसते ताण देणाऱ्यांच्या पुढे होता. वर्षाअखेरीस दोघे सारखेच.

तेव्हा ताई, फिजिओथेरपिस्टकडून हा व्यायाम नीट शिकून घ्या, मऊ तळाची चप्पल घरातही वापरा आणि सहा महिने धीर धरा. बहुतेकांची टाच वर्षभरात एवढ्यावरच बरी होते. त्यानंतरही दुखत राहिली, तर शॉकवेव्ह घ्यायला हरकत नाही.