महाधमनीत स्टेंट बसवताना डाव्या हाताचा रक्तपुरवठा का जपतात?

छातीतील महाधमनीचा आजार निघाला, की मुखेडच्या रुग्णाला नांदेड, लातूर किंवा थेट हैदराबाद गाठावे लागते. तिथे डॉक्टर सांगतात, 'छाती उघडायची नाही, जांघेतून स्टेंट बसवू.' घरच्यांना हायसे वाटते. पण त्याच वेळी एक प्रश्न जरूर विचारावा: डाव्या हाताच्या रक्ताचे काय?

महाधमनी हृदयातून निघून कमानीसारखी वळते. त्या कमानीतून सहसा तीन मोठ्या शाखा फुटतात. शेवटची डाव्या हाताकडे जाते. महाधमनीला फुगा आला किंवा आतल्या थराला चीर पडली, तर कापडाचे आवरण असलेला स्टेंट आत बसवतात. तो पक्का धरण्यासाठी निरोगी भिंतीची साधारण दोन सेंटिमीटर जागा लागते. आजार कमानीजवळ असला, की नेमके त्या शाखेचे तोंड झाकले जाते.

हात लगेच काळा पडतो असे नाही. मेंदूच्या मागच्या भागाकडे जाणारी एक धमनी याच शाखेतून निघते. तिच्यातून रक्त उलटे वाहून हाताला मिळते. ही उसनवारी सगळ्यांना झेपत नाही. मेंदूला किंवा मज्जारज्जूला रक्त कमी पडून पक्षाघात होऊ शकतो, पाय लुळे पडू शकतात. बायपास झालेल्यांना धोका अधिक, कारण हृदयाला जोडलेली छातीतील डावी धमनीही बहुधा याच शाखेची असते. डाव्या हातात डायलिसिसचा फिस्टुला असेल, तर तेही आधीच सांगा.

उपाय आहे. मानेतील धमनीपासून हाताच्या धमनीला जोड देतात, किंवा बाजूला शाखा असलेला स्टेंट वापरतात. अशा एका स्टेंटला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. शस्त्रक्रिया ठरवून होणार असेल तर जोड आधी द्यावी, अशी शिफारस तिथल्या रक्तवाहिनी शल्यविशारदांच्या संघटनेने २००९ मध्येच केली. महाधमनी फुटलेली असेल तर मात्र आधी जीव, मग हात. खर्चाचे म्हणाल, तर महात्मा फुले योजनेत काय बसते ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.

शाखा झाकून जोड दिली नसेल, तर गावी परतल्यावर रक्तदाब उजव्या हातालाच मोजून घ्या. डाव्या हाताचा आकडा खोटा कमी येतो. तो पाहून गोळ्या कमी केल्या, तर आधीच दुबळ्या झालेल्या महाधमनीवर ताण वाढतो.