शिकवणे कोणाच्या वाट्याला? : अभियांत्रिकी कारखान्यातील पदवीधराचे पहिले वर्ष

अभियांत्रिकीची पदवी घेऊन पिंपरी-चिंचवड, चाकण, सातपूर किंवा वाळूजच्या कारखान्यात दाखल होणारा तरुण पहिले वर्ष बहुधा ‘जीईटी’, म्हणजे पदवीधर अभियंता प्रशिक्षणार्थी, या नावाने काढतो. या वर्षात त्याने काय शिकावे याचा तक्ता मनुष्यबळ विभागाकडे असतो, पण ते त्याला कोणी शिकवावे याचा उल्लेख त्या तक्त्यात क्वचितच सापडतो, आणि पदवीधरांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या रिकाम्या जागेत आहे.

प्रथम दर्जाचा प्रश्न पाहावा लागतो, कारण ‘जीईटी’ आणि ‘ग्रॅज्युएट अप्रेंटिस’ हे शब्द कारखान्यात सरमिसळ वापरले जात असले तरी त्यांच्यामागची व्यवस्था वेगळी आहे. १९६१चा शिकाऊ उमेदवार अधिनियम मुळात फिटर-टर्नरसारख्या व्यवसायांसाठी होता. १९७३च्या दुरुस्तीने त्यात अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक आले. त्यांच्या वर्षभराच्या प्रशिक्षणावर पश्चिम विभागात मुंबईच्या शिकाऊ उमेदवार प्रशिक्षण मंडळाची देखरेख असते, आणि ठरवून दिलेल्या किमान विद्यावेतनाचा (२०१९च्या नियमांत पदवीधरासाठी दरमहा ९,००० रुपये) निम्मा भार केंद्र सरकार उचलते. याच कायद्याचे कलम १८ सांगते की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. वर्ष संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे सरसकट बंधनही मालकावर नाही. जीईटी मात्र कंपनीच्या पटावर असतो, त्याला नेमणूकपत्र, परिवीक्षा आणि अनेकदा ‘बॉण्ड’, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, या तिन्ही गोष्टी एकदमच मिळतात.

या बॉण्डला महाराष्ट्रातच घडलेली एक महत्त्वाची पार्श्वभूमी आहे. कल्याणच्या टायर-कॉर्ड कारखान्यात १९६३ मध्ये पाच वर्षांच्या करारावर घेतलेला एक शिफ्ट सुपरवायझर काही महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन पुढच्याच वर्षी राजस्थानातील स्पर्धक कारखान्यात गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि १९६७ मध्ये न्यायालयाने असा निर्वाळा दिला की कराराची मुदत चालू असताना दुसरीकडे काम न करण्याची अट व्यवसायस्वातंत्र्यावरील बेकायदा बंधन ठरत नाही. त्या वादात निदान परदेशी सहकार्यातून आलेले तंत्र खरोखर शिकवले गेले होते. आजच्या कित्येक बॉण्डांत मात्र प्रशिक्षणाचा खर्च म्हणून एक रक्कम लिहिलेली असते आणि तिचा तपशील विचारण्याची कोणाची प्राज्ञा नसते.

रुजू झाल्यानंतरचा पहिला आठवडा ‘इंडक्शन’चा. कंपनीचा इतिहास, गुणवत्ता धोरण, हजेरीची पद्धत, सुरक्षा आणि शेवटी प्लांटची फेरी असा हा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. त्यातला सुरक्षेचा भाग औपचारिकता म्हणून उरकणे सर्वात धोक्याचे, कारण भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात घातलेल्या कलम १११-अ ने सुरक्षेची माहिती व प्रशिक्षण मिळणे हा काम करणाऱ्याचा हक्क ठरवला होता. जॉन व्हॅन मानेन आणि एडगर शाइन या अमेरिकी अभ्यासकांनी १९७९ मध्ये संस्थेतील समाजीकरणाचे, म्हणजे नवागताला संस्थेची रीत अंगवळणी पाडण्याच्या प्रक्रियेचे, प्रकार वेगळे करून दाखवले. त्यांच्या भाषेत इंडक्शन सामूहिक आणि क्रमबद्ध असते. पण आठवडा संपून जीईटी विभागात गेला की सगळेच उलटते, तो एकटा पडतो, क्रम विभागप्रमुखाच्या सवडीवर ठरतो आणि ‘थोडे दिवस बघून घ्या’ एवढाच अभ्यासक्रम उरतो.

बघून घेण्यासारखे पुष्कळ असते, आणि खरे शिक्षण तिथेच दडलेले असते. बोअरिंग करून मशीनवरून नुकताच उतरवलेला पोलादी जॉब घेतला तर मुद्दा स्पष्ट होतो. मापनाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस मानले जाते, आणि पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे साडेअकरा मायक्रॉन प्रसरण पावते. म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाचे भोक दहा अंशांनी तापलेले असेल तर ते साडेअकरा मायक्रॉनने मोठे भरते. एच-७ या नेहमीच्या फिटमध्ये या मापाला एकूण सूटच ३५ मायक्रॉनची, तेव्हा तिचा तिसरा हिस्सा नुसत्या उष्णतेने खाल्ला जातो. प्रसरणाचे सूत्र पदवीधराला दुसऱ्या वर्षापासून येते. परंतु जॉब किती वेळ निवू द्यायचा, घाईच्या शिफ्टमध्ये गरम जॉबचे माप घेऊन टूल ऑफसेट किती द्यायचा आणि इन्सर्ट झिजल्याचे आवाजावरून कसे ओळखायचे, हे सेटरला, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणाऱ्या कुशल कामगाराला, येते. मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये ज्याला अव्यक्त ज्ञान म्हटले, म्हणजे माणूस जाणतो पण ज्याचे पूर्ण वर्णन करू शकत नाही असे ज्ञान, ते हेच.

जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये मांडले की असे ज्ञान व्याख्यानाने मिळत नाही, तर नवागत आधी काठावरची किरकोळ पण खरी कामे करतो आणि हळूहळू मध्यभागी सरकतो. ही मांडणी शिंपी किंवा सुईणीच्या उमेदवारीला चपखल बसते. कारखान्यातील जीईटीच्या बाबतीत ती अडखळते, कारण त्याला सेटर व्हायचे नसून सेटरचा साहेब व्हायचे असते. पन्नाशीच्या सेटरने बाविशीच्या मुलाला हातचे राखून न ठेवता शिकवावे आणि वर्षभराने त्याच मुलाकडून आपल्या ओव्हरटाइमवर सही घ्यावी, ही अपेक्षा व्यवस्थेने गृहीत धरली आहे. तरीही कित्येक सेटर शिकवतात, हे त्यांचे मोठेपण आहे. मशीनवर कंत्राटी ऑपरेटर असेल आणि त्याचीच पुढच्या वर्षीची खात्री नसेल, तर त्याने शिकवण्याचे कारणही उरत नाही. मुलींच्या बाबतीत आणखी एक अडचण दीर्घकाळ होती, ती म्हणजे कारखाने अधिनियमाच्या कलम ६६ मधील रात्रपाळीवरील निर्बंधाची. वरिष्ठांची वर्दळ नसलेल्या तिसऱ्या शिफ्टमध्ये बिघाड झाला की जे शिकायला मिळते, त्याला त्या मुकत असत.

मोकळ्या राहिलेल्या जीईटीच्या हाती मग एक्सेलच्या शीट, ऑडिटपूर्वीची कागदपत्रे आणि साहेबांची प्रेझेंटेशने येतात. हे काम निरुपयोगी नाही, पण त्यालाच प्रशिक्षण म्हणणे ही लबाडी होय. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार टप्पे सांगितले: शिकणाऱ्याची प्रतिक्रिया, त्याला आलेले ज्ञान, कामातील वागणुकीत पडलेला फरक आणि संस्थेला दिसलेला परिणाम. इंडक्शनच्या शेवटी भरून घेतलेला अभिप्रायाचा फॉर्म पहिल्या टप्प्यावर थांबतो, आणि कन्फर्मेशनपूर्वीचे प्रोजेक्ट प्रेझेंटेशन फार तर दुसऱ्यापर्यंत जाते.

उपाय अपरिचित नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ ही योजना राबवली तेव्हा तिचा रोख शिकाऊंवर नव्हता, तर त्यांना शिकवणाऱ्या सुपरवायझरवर होता. काम टप्प्यांत कसे फोडावे, प्रत्येक टप्प्यातील कळीची गोष्ट कशी सांगावी, करून कसे घ्यावे आणि नंतर लक्ष कसे ठेवावे हे त्याला शिकवले जाई. युद्धानंतर ही पद्धत जपानमध्ये रुजली आणि टोयोटाच्या कार्यपद्धतीचा भाग झाली. जपानकडून आलेल्या कायझेन आणि फाइव्ह-एसच्या पाट्या पुण्याच्या पट्ट्यात भिंतोभिंती दिसतात, शिकवणाऱ्याला शिकवण्याचा भाग मात्र त्या मानाने मागे राहिला. त्याला पैसा फारसा लागत नाही; लागते ती शिफ्टच्या हिशेबातील दुरुस्ती, कारण सेटरने जीईटीला समजावण्यात घालवलेला अर्धा तास आज उत्पादनाच्या तक्त्यात ‘मशीन बंद’ या रकान्यात पडतो आणि त्याचा जाब सेटरलाच द्यावा लागतो.