कनेक्शन तुटलं, पण नेमकं कुठे?

"मॅडम, सर्व्हरने बाहेर काढलं." रात्रपाळीत मला येणाऱ्या तक्रारींपैकी सर्वांत निरुपयोगी वाक्य हेच. दूरच्या संगणकात आपल्या टेबलावरून शिरायचं तर एसएसएच वापरतात. तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये ते लिहिलं, फिनलंडमधल्या त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी जाता-येता पासवर्ड टिपले म्हणून. सुरक्षा उत्तम आहे. पण तुटण्याच्या जागा अनेक. म्हणून मी उलट विचारते: दारातच अडवलं, की आत बसला असताना काढलं?

"दारातच. पण तिसऱ्यांदा लागलं."

इथे माझा निम्मा तपास संपतो. पासवर्ड चुकीचा असता तर तिन्ही वेळा चुकला असता. कधी हो, कधी नाही, याचा अर्थ बहुधा सर्व्हर म्हाडाच्या घरांसारखी सोडत काढतोय. ओपन-एसएसएचमध्ये मॅक्सस्टार्टअप्स नावाची सेटिंग असते, मूळ आकडे १०, ३० आणि १००. अजून ओळख न पटलेले १० जण दारात उभे असतील, तर पुढच्या प्रत्येकाला परत पाठवण्याची शक्यता ३० टक्के. गर्दी वाढेल तशी ती चढते. ५५ जण असताना ६५ टक्के, आणि १०० झाले की सरसकट नकार. पडद्यावर फक्त एवढंच दिसतं की पलीकडच्याने कनेक्शन बंद केलं. कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं, आणि तो उघडून बघायचं सोडून मंडळी आधी सर्व्हर रीस्टार्ट करून मोकळी होतात.

नव्या मुलांना ही सोडत अन्यायाची वाटते. मला ती शहाणपणाची वाटते. ठरावीक जागा भरल्या की सगळ्यांनाच नकार असा नियम असता, तर एखाद्या खोडसाळाने तेवढ्याच जागा अडवून सर्वांना बाहेर ठेवलं असतं. सोडतीत खऱ्या माणसाचा नंबर कधीतरी लागतो.

दारात उभे असतात कोण? इंटरनेटवर उघड्या असलेल्या सर्व्हरवर पासवर्ड चाचपणारे बॉट दिवसरात्र येतात. एकही अक्षर न बोलता थांबलेल्याला मूळ सेटिंगनुसार १२० सेकंद मुभा असते, तोवर जागा अडलेली. पण आमच्याकडे बहुतेकदा गर्दी घरचीच निघते: बॅकअप, देखरेखीच्या स्क्रिप्ट, सगळ्यांना क्रॉन या वेळापत्रकात तासाच्या ठोक्याचीच वेळ दिलेली. वेळा चार-पाच मिनिटांनी मागेपुढे केल्या की निम्म्या तक्रारी थांबतात, आणि त्यासाठी सर्व्हरला हात लावावा लागत नाही. त्यानंतर मर्यादा वाढवा, मुभा ३० सेकंदांवर आणा. शून्य मात्र करू नका. शून्य म्हणजे मुदतच नाही. जुलै २०२४ मध्ये ओपन-एसएसएचमधली एक गंभीर त्रुटी उघड झाली, तेव्हा अपडेट करता येत नसेल तर तात्पुरता उपाय म्हणून हेच शून्य सुचवलं गेलं होतं. त्याची किंमत अशी की गप्प उभे राहणारे कायमचे जागा अडवू शकतात. आणि बदल करताना एक लॉगिन उघडं ठेवा. ते बंद करून मग सेटिंग चुकली, तर आत जायचं कुठून?

आत बसलेल्याला काढलं, तर गोष्ट वेगळी. चहाला गेला, आला, आणि पडदा गोठलेला. इथे सर्व्हर बहुधा निर्दोष असतो. मधलं फायरवॉल किंवा नॅट (पत्ते बदलून देणारी यंत्रणा) शांत कनेक्शन विसरून जातं. ॲमेझॉनच्या नॅट गेटवेत ही मुदत ३५० सेकंद आहे. लिनक्स स्वतःहून विचारपूस करतं ते मात्र ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी. तोवर मधल्याने वही फाडलेली असते. आपल्या बाजूला सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६० ठेवलं की दर मिनिटाला हाक जाते आणि हा त्रास संपतो.

काही जण उत्साहाने हाच प्रकार सर्व्हरच्या बाजूने १५ सेकंदांवर आणतात. तीन हाकांना उत्तर नाही आलं की ४५ सेकंदांत सर्व्हर स्वतःच दोर कापतो. ऑफिसात कुणाला कळत नाही. खंडाळ्याच्या बोगद्यांतून जाणाऱ्या गाडीत लॅपटॉप उघडून बसलेल्याला लगेच कळतं. त्याने वेळखाऊ काम सर्व्हरवरच्या टीमक्स या प्रोग्रॅममध्येच सुरू करावं. मग कनेक्शन गेलं तरी काम सर्व्हरवर चालूच राहतं, आणि कर्जतला रेंज आली की पुन्हा जोडून घेता येतं.